विटांच्या दरजा, चुना आणि एक परदेशी पुस्तिका : आकडा उचलायचा की कारण?

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर पहूरहून काकांचा फोन आला. "तू ते चुन्याचंच शिकतेस ना? मग एकदा येऊन भिंत बघून जा." जळगावहून अजिंठ्याला जाताना लागणारं पहूर तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. वाघूर नदीकाठचं गाव. काकांच्या घराची मागची भिंत जुन्या पातळ विटांची आहे. सात-आठ वर्षांपूर्वी तिच्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या होत्या. मी गेले तेव्हा सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा पुढे आलेल्या होत्या आणि विटा त्यांच्यामागे बोट-बोट आत गेलेल्या. हात फिरवला की विटेची पूड पडत होती.

मिस्त्रींचं निदान सरळ होतं : "ताई, तेव्हा माल कमजोर झाला असणार. आता सिमेंट वाढवून भरू."

माझ्या पिशवीत एक पुस्तिका होती. चुन्याच्या दुरुस्तीवर काम करणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी तिचा संदर्भ देतो. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसची 'प्रिझर्वेशन ब्रीफ २', रॉबर्ट मॅक आणि जॉन स्पेवाइक यांनी लिहिलेली, १९९८ ची आवृत्ती. विषय एकच : जुन्या बांधकामाच्या दरजा नव्याने कशा भरायच्या. आजच्या पोस्टमध्ये या पुस्तिकेची समीक्षा करायची आहे. पण संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ती वाचताना मी काय चूक केली, तेही सांगायचं आहे.

पुस्तिका जिथे पक्की आहे

तिचा मुख्य नियम असा : नवा मसाला विटेपेक्षा मऊ हवा आणि त्यातून वाफ विटेपेक्षा सहज जायला हवी. मिस्त्रींच्या निदानाच्या हे बरोबर उलट आहे.

कारण समजून घ्या. भिंतीत पाणी शिरतंच, पावसाचं आणि जमिनीतून वर चढणारं. ते बाहेर पडताना सोपी वाट शोधतं. दरज चुन्याची असेल तर बरंचसं पाणी दरजेतून सुकतं आणि सोबतचा खार तिथेच साचतो. काही वर्षांनी दरज झिजते, आपण ती पुन्हा भरतो. वीट वाचते. दरज सिमेंटची असेल तर ही वाट बंद होते. पाणी विटेतून सुकायला लागतं. खाराचे स्फटिक विटेच्या कातडीखाली वाढतात आणि कातडी सुटते. उन्हात वीट फुगते, तेव्हाही मऊ दरज थोडी दबते, कडक दरज विटेची कड फोडते. काकांच्या भिंतीवर नेमकं हेच दिसत होतं. माल कमजोर नव्हता, जास्तच मजबूत होता.

'मऊ' हा इथे एक संबंध आहे, आकडा नाही. मसाला कशापेक्षा मऊ? त्या भिंतीतल्या विटेपेक्षा. वीट न मोजता मसाल्याची योग्य ताकद सांगताच येत नाही. पुस्तिकेचं हे सगळ्यात मोठं देणं आहे, आणि आपण तेच वाचताना सोडून देतो.

जिथे आकडे गावात टिकत नाहीत

आता माझी चूक. मी पुस्तिकेतले आकडे वहीत उतरवले आणि मिस्त्रींना सांगितले.

पहिला आकडा खोलीचा. जुना मसाला दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल काढायचा. काकांच्या भिंतीत विटा पातळ आणि दरजा जाड, जवळजवळ २० मिलिमीटर. अडीच पट म्हणजे ५० मिलिमीटर. मिस्त्रींनी छिन्नीने जेमतेम ३० मिलिमीटर काढलं आणि थांबले. "ताई, मागे तर माती आहे. अजून किती खोल जाऊ?" विटा मातीत रचलेल्या आणि चुना फक्त दर्शनी बाजूला, अशी ती भिंत निघाली. आणखी खोल गेलो असतो तर विटाच हलल्या असत्या.

पुस्तिकेने अडीच पट का सांगितलं? नव्या मसाल्याला पुरेशी पकड मिळावी आणि तो नंतर सुटून पडू नये म्हणून. हे कारण पहूरलाही खरं आहे. पण आतपर्यंत एकाच मसाल्याची भिंत हे तिचं गृहीतक आहे, आणि ते कुठे ठळकपणे लिहिलेलं नाही. आम्ही घट्ट भाग लागेपर्यंतच खरवडलं, ग्राइंडर न लावता.

दुसरा आकडा तापमानाचा. काम ४० ते ९५ अंश फॅरनहाइटमध्ये करा, म्हणजे साधारण ४ ते ३५ अंश सेल्सिअस. खालची मर्यादा गोठण्याच्या भीतीने आहे. पहूरला ती निरुपयोगी आहे. वरची मर्यादा पाणी फार लवकर उडू नये म्हणून आहे. आपल्याकडे मे महिन्यात ४३-४४ अंशांचं कुणाला नवल वाटत नाही, त्यामुळे ती महत्त्वाची. पण फक्त तापमान पाहिलं तर श्रावणातला दिवसही चालेल असं वाटतं, आणि तिथे फसगत होते.

चुना कडक होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन. ७४ ग्रॅम विझवलेला चुना ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेतो, तेव्हा १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आणि १८ ग्रॅम पाणी तयार होतं. या क्रियेला ओलावा लागतो, पण छिद्रं पाण्याने गच्च भरली तर वायू आत जात नाही. मे महिन्यात छिद्रं कोरडी आणि श्रावणात तुडुंब, दोन्ही वेळा काम अडतं. म्हणून खानदेशात नोव्हेंबर ते जानेवारी ही खरी खिडकी, वर काही दिवस ओलं गोणपाट. पुस्तिकेत हा महिना मिळणार नाही. कारण समजलं तर तो तुम्हाला स्वतःला काढता येतो.

तिसरी गोष्ट वाळूची. जुना मसाला आम्लात टाकायचा, चुना विरघळतो, वाळू उरते, तिचा रंग आणि दाणे जुळवायचे. छान, स्वस्त प्रयोग. वाळूतही चुनखडीचा अंश असेल तर तोही विरघळतो, हा इशारा पुस्तिका शिंपल्यांच्या चुऱ्याच्या उदाहरणाने देते. आपल्याकडे शिंपले नाहीत, पण नदीच्या वाळूत आणि काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. म्हणजे नुसतं वजन करून 'इतका चुना, इतकी वाळू' असं प्रमाण सांगितलं तर उत्तर चुकू शकतं. आम्लात टाकण्याआधी भिंगाखाली नमुना पाहणं हा साधा उपाय.

जिथे पुस्तिकेशी वाद आहे

चुन्याच्या मसाल्यात मर्यादित पोर्टलंड सिमेंट घालायला पुस्तिका हरकत घेत नाही. मला हा तिचा सगळ्यात कच्चा भाग वाटतो. इंग्लिश हेरिटेज, इक्रोम आणि बोर्नमथ विद्यापीठ यांच्या 'स्मीटन प्रोजेक्ट'चे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. चुन्यात थोडंसं सिमेंट घातलेले नमुने टिकाऊपणात वाईट ठरले, असं त्यात दिसलं. सिमेंट लवकर धरतं, पण इतक्या कमी प्रमाणात त्याचा सलग सांगाडा होत नाही, आणि चुन्याचं सावकाश कडक होणं मात्र बिघडतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. याच प्रकल्पात कमी तापमानाला भाजलेल्या विटांच्या भुकटीचा फायदा दिसला. ही भुकटी म्हणजे आपली सुरखी! 'थोडं सिमेंट टाकलं तर काय बिघडतं' या प्रश्नाला आता तुमच्याकडे उत्तर आहे, आणि पर्यायही.

आणि आपले प्रबंध?

परदेशी पुस्तिकेवर टीका करणं सोपं आहे. आता आपल्याकडे वळू. गूळ, हिरडा, बेल, उडीद घालून केलेल्या चुन्याच्या मसाल्यावर आपल्याकडे भरपूर लेख येतात. बऱ्याच लेखांचा साचा एकच : ५० मिलिमीटरचे घन, २८ दिवस, दाबाची ताकद, आणि शेवटी 'ताकद इतके टक्के वाढली, म्हणून जतनासाठी योग्य'. माझ्या संशोधन आराखड्याचा पहिला मसुदाही असाच होता, त्यामुळे हे मी आरशात बघूनच लिहितेय.

यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे २८ दिवस हा सिमेंटच्या जगातून आलेला आकडा. चुन्यात कार्बोनेशनची रेषा काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत सरकते. समजा एका महिन्यात ती ५ मिलिमीटर आत गेली. मग १० मिलिमीटरला चार महिने लागतील, आणि ५० मिलिमीटरच्या घनाच्या मध्यापर्यंत, म्हणजे २५ मिलिमीटरला, २५ महिने. २८ व्या दिवशी आपण फोडतो तो बाहेरून चुनखडी आणि आतून कच्चा चुना असलेला लाडू. शंका असेल तर फोडलेल्या तोंडावर फिनॉल्फ्थॅलीन फवारा. गुलाबी झालेला भाग अजून कच्चा आहे.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. 'ताकद वाढली' यावरून 'योग्य आहे' हे निघतच नाही. दरजेसाठी ताकद विटेपेक्षा कमी हवी. मग वाढलेली ताकद ही कदाचित वाईट बातमी असेल! सोबत विटेची ताकद, वाफेची पारगम्यता, पाणी शोषण्याचा वेग आणि खाराची चाचणी नसेल, तर त्या टक्क्यांचा भिंतीसाठी काही अर्थ लागत नाही. आणि वापरलेला चुना कोणता? 'आयएस ७१२ : १९८४' मध्ये चुन्याचे 'ए' ते 'एफ' असे वर्ग आहेत. 'ए' पाण्याखालीही धरतो, 'सी' म्हणजे कळीचा शुद्ध चुना फक्त हवेत. लेखात नुसतं 'चुना' लिहिलं असेल तर तो प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करता येणार नाही.

यंत्र प्रयोगशाळेत आहे म्हणून आपण ताकद मोजतो. भिंतीला तो प्रश्न पडलेलाच नसतो.

वाचताना करायचं काम

कुठलीही मार्गदर्शिका वाचताना वहीचे तीन रकाने करा : आकडा, त्यामागचं कारण, आणि कुठल्या परिस्थितीत तो खरा. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो आकडा अजून उचलू नका. तिसरा रिकामा राहिला तर तिथे तुमच्यासाठी संशोधनाचा प्रश्न दडलेला असू शकतो. मातीत रचलेल्या, दर्शनी चुन्याच्या भिंतीत किती खोल खरवडावं, हा प्रश्न मला असाच मिळाला. तो मिस्त्रींनी विचारला होता, मी नाही.

काकांची सगळी भिंत आम्ही केली नाही. डिसेंबरात मीटरभर रुंदीचा एक पट्टा केला : मुरवलेला चुना, नदीची वाळू, सुरखी, एकावर एक पातळ थर, आणि आठवडाभर ओलं गोणपाट. यंदाच्या पावसाळ्यानंतर जाऊन पाहिलं. पट्ट्यातला पांढरा खार दरजांवर आला होता, शेजारच्या सिमेंटच्या भागात तो विटांवर होता. एक पट्टा, एक पावसाळा, त्यावरून मी काही सिद्ध करणार नाही. पण काकांनी उरलेल्या भिंतीसाठी डिसेंबरपर्यंत थांबायचं कबूल केलंय, आणि मिस्त्री या वेळी विटेचा एक तुकडा माझ्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवणार आहेत. आधी वीट मोजायची, मग मसाला ठरवायचा.