भय, गाणे आणि उपहास

लंडनमधील लेस्टर स्क्वेअर हा चौक नाटक-सिनेमांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या उत्तरेस लेस्टर प्लेस नावाची एक आखूड गल्ली असून तीत दोन वास्तू शेजारीशेजारी उभ्या आहेत. एक ‘नोत्र दाम द फ्रान्स’ हे फ्रेंच भाषिक कॅथलिकांचे चर्च; दुसरी ‘प्रिन्स चार्ल्स सिनेमा’ हे चित्रपटगृह. पहिल्या वास्तूत मिस्सा होते. दुसरीत पिशाच्चांचे, भूतबाधेचे आणि गाण्याबजावण्याचे जुने चित्रपट लागतात, आणि तेच चित्रपट पाहण्यासाठी तेच लोक पुन्हापुन्हा येतात. हा शेजार पाहून कोणी नाक मुरडील. आम्हांला मात्र तो विचार करण्याजोगा वाटतो.

कारण या चर्चचा इतिहासच मुळी करमणुकीच्या जागेपासून सुरू होतो. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७९३ मध्ये येथे एक गोलाकार इमारत उभारून तीत ‘पॅनोरामा’ सुरू केला. लोक पैसे देऊन आत जात, मधोमध उभे राहत आणि सभोवारच्या भिंतीवरील विशाल चित्रांत हरवून जात. सिनेमाचा हा एक पूर्वजच म्हणावयाचा. पुढे १८६५ मध्ये मॅरिस्ट संघाच्या धर्मगुरूंनी ही जागा घेतली आणि तेथे चर्च केले. १९४० च्या बॉम्बवर्षावात त्याची मोठी हानी झाली. १९५० च्या दशकात ते पुन्हा बांधले गेले, तेव्हाही त्याचा गोल आकार राखण्यात आला. त्यातील एका छोट्या उपासनागृहाच्या भिंती झाँ कॉक्तो यांनी १९५९-६० मध्ये रंगविल्या. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९४६) आणि ‘ऑर्फे’ (१९५०) या अद्भुत चित्रपटांचे दिग्दर्शक ते हेच. त्यांनी चितारलेल्या क्रूसाच्या दृश्यात प्रभूचे केवळ पाय दिसतात. वर काळा सूर्य आहे, आणि क्रूसाकडे पाठ करून उभा असलेला एक मनुष्य आहे. तो स्वतः चित्रकार होय. तेव्हा पडदा आणि वेदी यांच्यामधील भिंत येथे वाटते तेवढी जाड नाही.

आता शेजारच्या चित्रपटगृहाकडे वळू. १९६२ मध्ये ते नाट्यगृह म्हणून उघडले, त्याच दशकात त्याचे चित्रपटगृह झाले, आणि १९७० च्या दशकात तेथे ‘इमॅन्युएल’सारखे केवळ प्रौढांसाठीचे चित्रपट चालत. १९९१ पासून त्याने निराळी वाट धरली. ते कोणत्याही मोठ्या साखळीच्या मालकीचे नाही. नवा चित्रपट आठवडाभर चालवून उतरविण्याऐवजी ते रोज वेगवेगळे जुने चित्रपट दाखविते. पुष्कळदा मूळ फिल्मच्या रिळांवरून दाखविते. भयपट, संगीतपट आणि ज्यांना इंग्रजीत ‘कल्ट’ म्हणतात ते चित्रपट, ही त्याची खरी ओळख.

‘कल्ट’ हा शब्द कानी पडताच आमच्यासारख्या धर्मगुरूचे कान टवकारतात. ज्या लॅटिन शब्दापासून तो आला त्याचे अर्थ दोन: जमीन कसणे, जोपासणे हा एक, देवाची उपासना करणे हा दुसरा. मराठीत जोपासना आणि उपासना हे दोन शब्द आहेत; लॅटिनमध्ये ते एकाच शब्दात नांदतात. एखादा चित्रपट एकदा पाहून न थांबता लोक तो वर्षानुवर्षे एकत्र बसून पाहतात, त्याचे संवाद पाठ म्हणतात, त्यासाठी विशिष्ट पोशाख करतात. तेव्हा तो ‘कल्ट’ होतो. ही ओढ आपल्याला परकी नाही. मुंबईच्या मराठा मंदिरात ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ हा १९९५ चा चित्रपट हजारांहून अधिक आठवडे चालला. ‘जय संतोषी माँ’ (१९७५) पाहताना प्रेक्षक पादत्राणे काढून बसत. माणूस जे पुन्हापुन्हा करतो त्याने त्याचे मन घडते, हे जपमाळ ओढणाऱ्या घरांना सांगावयास नको. म्हणून अशा चित्रपटगृहाविषयी विचारण्याचा प्रश्न एवढाच: तेथे कशाची जोपासना होते?

पालकांना सर्वांत अधिक धास्ती वाटते ती भयपटांची. ती अगदीच निराधार नाही. परंतु उत्तम भयपट नीट पाहिले तर त्यांच्या पोटात काही वेगळेच आढळते. ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) घ्या. विल्यम फ्रीडकिन यांचा हा चित्रपट विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. ब्लॅटी जॉर्जटाउन या येशूसंघीय विद्यापीठाचे विद्यार्थी, आणि चित्रपटात दोन येशूसंघीय धर्मगुरूंनी स्वतः भूमिका केल्या आहेत. बारा वर्षांच्या मुलीला झालेल्या भूतबाधेची ही कथा. तीतील किळसवाण्या दृश्यांची चर्चा फार झाली. पण कथेचा कणा आहे फादर कॅरस. आईच्या मरणाने खचलेला, श्रद्धा डळमळलेला हा धर्मगुरू अखेरीस त्या दुष्ट शक्तीला मुलीला सोडून आपल्यात येण्याचे आव्हान देतो आणि मुलीला वाचविण्यासाठी स्वतः खिडकीतून उडी घेतो. खाली पायऱ्यांवर पडलेल्या त्या मित्राला दुसरा धर्मगुरू पापक्षमा देतो. भुताच्या या चित्रपटाचा शेवट असा आत्मार्पणाचा आहे.

आणखी मागे जाऊ. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा जर्मन मूकपट ‘नोस्फेरातू’ (१९२२) हा रक्तपिपासू पिशाच्चाच्या चित्रपटांचा आद्य पुरुष. त्यात पिशाच्चाला तलवारीने वा मंत्राने कोणी मारीत नाही. एक स्त्री कोंबडा आरवेपर्यंत त्याला आपल्याजवळ रोखून धरते. सूर्यकिरणांत ते नाहीसे होते आणि तीही प्राण सोडते. येथेही दुष्टाईचा पराभव होतो तो एका जिवाच्या अर्पणाने. सिनेमाच्या शताब्दीनिमित्त १९९५ मध्ये व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत ‘गांधी’ आहे याचे नवल नाही. पण कलेच्या विभागात ‘नोस्फेरातू’ही आहे. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी पत्रक काढले, तेव्हा त्यात सावधगिरीचा सूर प्रबळ होता. साठ वर्षांनी त्याच ख्रिस्तसभेने एका पिशाच्चपटाला मानाचे पान दिले. दुष्टाई खरी आहे, ती चेष्टेवारी नेण्याची गोष्ट नाही आणि तिला हरविण्याचे मोल मोठे असते, हे जो चित्रपट गांभीर्याने सांगतो तो आमच्या मते घराच्या शिकवणुकीचा वैरी नव्हे.

‘नोस्फेरातू’ची आणखी एक हकीकत येथे सांगितली पाहिजे. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून तो परवानगीविना काढला गेल्यामुळे स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती तरीही उरल्या, म्हणून तो आज आपल्यापुढे आहे. ‘द एक्झॉर्सिस्ट’ची गोष्टही थोडी तशीच. ब्रिटनमध्ये १९८८ पासून १९९९ पर्यंत तो घरी पाहण्यासाठी व्हिडिओवर मिळत नव्हता. पाहावयाचा तर चित्रपटगृहातच जावे लागे. जुने चित्रपट दाखविणारी गृहे नसती तर अशा कृतींची केवळ अफवा उरली असती. अफवेवरून निवाडा करणे सोपे. कृती पाहून करणे कठीण, पण न्याय्य तेच.

यावरून सगळेच भयपट चांगले असा अर्थ कोणी काढू नये. ज्यात माणसाचे शरीर केवळ कापण्यासाठी आणले जाते, ज्याच्या मरणाचे कोणालाच दुःख नसते, असे चित्रपटही ‘कल्ट’ म्हणून मिरवतात. आमची कसोटी साधी आहे: मेलेल्यासाठी चित्रपटात कोणी रडते का? ‘द एक्झॉर्सिस्ट’ला ब्रिटनमध्ये अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठीचेच प्रमाणपत्र आहे, हेही पालकांनी ध्यानी ठेवावे.

दुसरा प्रकार गाण्याचा. १९९९ पासून प्रिन्स चार्ल्समध्ये ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) सामुदायिक गायनाच्या रूपाने दाखविला जाऊ लागला. गाण्यांचे शब्द पडद्यावर उमटतात आणि सारे प्रेक्षागृह गाते. कित्येक प्रेक्षक धर्मभगिनींचा वेष करून येतात. नाझी अधिकारी दिसला की आरडाओरडा होतो. धर्मभगिनींचा वेष कोणा पुरुषाने गंमत म्हणून चढवावा, हे आमच्या काही वाचकांना खुपेल. ते खुपणे आम्ही समजू शकतो. पण जो मनुष्य एखाद्या चित्रपटातील सर्व गाणी तोंडपाठ म्हणतो, त्याच्या मनात त्या चित्रपटाविषयी तुच्छता असणे कठीण. माणसे अनोळखी शेजाऱ्याबरोबर मोकळ्या गळ्याने गातात, असे प्रसंग शहरांत थोडे उरले आहेत. जॉनथन डेमी यांचा ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ (१९८४) हा ‘टॉकिंग हेड्स’ या वाद्यवृंदाच्या मैफलीचा चित्रपट हेच निराळ्या रीतीने दाखवितो. आरंभी रिकाम्या रंगमंचावर एकटा गायक गिटार व टेपरेकॉर्डर घेऊन येतो. मग प्रत्येक गाण्यागणिक एकेक साथीदार त्याला मिळत जातो आणि शेवटी रंगमंच भरून जातो. कथा नाही, उपदेश नाही. तरी एकट्याचा समुदाय कसा होतो हे डोळ्यांना दिसते.

‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ (१९७५) हा भय आणि गाणे यांची सरमिसळ करणारा चित्रपट. त्यातील स्वैर देहवृत्ती आम्हांला मान्य होण्यासारखी नाही आणि कुटुंबाने एकत्र बसून पाहावा असा तो खचित नव्हे. परंतु गेली पन्नास वर्षे तरुणतरुणी वेष करून त्याला का जातात, हे न विचारता दार लावून घेणे बरे नाही. ज्यांना घरात, शाळेत, कधी देवळातही कोणी जवळ बसवून घेत नाही, अशांना तेथे बसावयास जागा मिळते. त्या जागेत काय चालते याविषयी आमचे मतभेद आहेत; तिची गरज का पडली याविषयी उत्तर देण्याची जबाबदारी मात्र आपलीही आहे.

तिसरा प्रकार आम्हांला खऱ्या अर्थाने अस्वस्थ करतो, आणि तो भुताचा नाही. तो हसण्याचा आहे. टॉमी वाइझो या गृहस्थांनी स्वतः लिहून, दिग्दर्शित करून, निर्मिती व प्रमुख भूमिकाही स्वतःच करून ‘द रूम’ (२००३) हा चित्रपट काढला. त्यांनी तो गंभीर शोकनाट्य म्हणून केला. लोकांनी तो फसलेला म्हणून डोक्यावर घेतला. प्रिन्स चार्ल्समध्ये त्याचे खेळ वर्षानुवर्षे होत आले आहेत. पडद्यावर चमच्याची तसबीर दिसली की प्रेक्षक प्लॅस्टिकचे चमचे फेकतात, प्रत्येक अडखळलेल्या संवादाला हशा पिकतो. वाइझो स्वतः अशा खेळांना हजर राहतात, तेव्हा त्यांची हरकत नाही असे म्हटले जाईल. त्या हसण्यात लोभही आहे असेही म्हटले जाईल. दोन्ही खरे मानले तरी आमची शंका फिटत नाही. या लोभाला समोरच्याचे कमीपण लागते. त्याने उद्या उत्तम चित्रपट काढला तर हे प्रेक्षक निराश होतील. एका माणसाच्या फसगतीवर शेकडोंनी मिळून हसावे, महिन्यामागून महिने हसावे, ही कोणत्या मनाची जोपासना? भयपट पाहून आलेला मुलगा रात्री दिवा लावून झोपेल. सकाळी त्याचे भय उतरेल. दुसऱ्याच्या व्यंगावर हसण्याची गोडी लागली तर ती सकाळी उतरत नाही.

हे मतभेद नोंदवूनही हे चित्रपटगृह टिकावे असेच आम्ही म्हणू. २०२५ च्या जानेवारीत त्याच्या अस्तित्वावर संकट आले. नव्या भाडेकरारात सहा महिन्यांच्या सूचनेवर जागा रिकामी करून घेण्याची अट घरमालकांना हवी असल्याचे चित्रपटगृहाने जाहीर केले. लाखाहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या, आणि त्याच वर्षी स्थानिक नगरपरिषदेने समाजाला मोलाची वास्तू म्हणून त्याची नोंद केली. सह्या करणाऱ्यांना तेच चित्रपट घरच्या पडद्यावर पाहता आले असते. त्यांनी सही केली ती एकत्र बसण्याच्या जागेसाठी. घरी एकट्याने पाहिलेल्या चित्रपटाला कोणी शेजारी नसतो. आपण कोठे हसलो, कोठे दचकलो, कोठे डोळे पुसले, याला साक्षीदार नसतो. प्रेक्षागृहात तो असतो, आणि त्यामुळेच आपल्या हसण्याची लाज वाटण्याची शक्यताही तेथेच असते.

म्हणून वाचकहो, आपली मुले लंडनमध्ये शिकत असोत वा मुंबईत, एखादा जुना भयपट पाहून ती घरी आली, तर ‘भुताचा होता का?’ एवढेच विचारून थांबू नका. त्या कथेत कोणी कोणासाठी काही दिले का, ते विचारा. लोक कोणाबरोबर गायले, तेही विचारा. आणि ते कोणाला हसले, हे विचारावयास विसरू नका.