डासांचा वारसा आणि घाईचे अनुमान

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासांविषयीचा एक शोधनिबंध सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. येल विद्यापीठाचे जेफ्री पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध वर्गात चर्चेला घ्यावा असा आहे. त्याच्या गुणांसाठी आणि दोषांसाठीही.

ब्राझीलमधील जाकोबिना या गावी २०१३ ते २०१५ या काळात, २७ महिने, दर आठवड्याला सुमारे साडेचार लाख नर डास सोडण्यात आले. नर चावत नाहीत. त्यांच्यात बसवलेल्या कृत्रिम जनुकामुळे त्यांची बहुतेक संतती प्रौढ होण्याआधीच मरते. परंतु प्रयोगशाळेत ३ ते ४ टक्के संतती जगते, हे आधीच ठाऊक होते. मग ती गावच्या डासांत मिसळते काय?

संशोधकांनी डास सोडण्यापूर्वीचे नमुने जपले होते, हे या कामाचे खरे बळ. प्रयोगशाळेतील वाण क्यूबा व मेक्सिकोतील डासांपासून बनलेला. त्यामुळे त्याचा डीएनए वेगळा ओळखता आला. नमुन्यानुसार व निकषानुसार १० ते ६० टक्के डासांत या वाणाचा काही अंश आढळला. समष्टी आनुवंशिकी, म्हणजे संपूर्ण जीवसमूहाच्या वारशाचा अभ्यास, नियंत्रणाच्या कामी कशी उपयोगी पडते याचा हा उत्तम नमुना होय.

आमचा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. तीन ठिकाणचा वारसा एकत्र आल्याने डास बहुधा अधिक कणखर झाले असतील, असे निबंधात म्हटले होते. पण कणखरपणा मोजलाच नव्हता! शिवाय शीर्षक वाचून कृत्रिम जनुकच पसरले असा समज होतो. प्रत्यक्षात मिसळले ते त्या वाणाचे इतर, सामान्य जनुक. मार्च २०२० मध्ये संपादकांनी अशा शंका नोंदवणारे निवेदन निबंधाला जोडले.

अशा घाईची किंमत मोठी असते. दिल्लीतील डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचा प्रकल्प १९७५ मध्ये संशयाच्या वादळात बंद पडला. लोकांचा विश्वास एकदा गेला की चांगला प्रयोगही उभा राहत नाही. तसेच, वाण मिसळल्याची नोंद दडपली तरी विश्वास जातोच.

म्हणून विद्यार्थ्यांकडून या निबंधातील विधानांचे दोन स्तंभ करून घ्यावेत: काय मोजले आणि काय मानले. आमच्या मते पहिला स्तंभ मोलाचा आहे. दुसऱ्याला पुरावा हवा.