स्मिता पाटील : न लिहिल्या गेलेल्या भूमिका

गेलेल्या कलावंताविषयी ‘तो असता तर’ असे बोलणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. स्मिता पाटीलच्या बाबतीत तर ती जवळजवळ रूढीच झाली आहे. १३ डिसेंबर १९८६ रोजी ती गेली तेव्हा तिचे वय अवघे एकतीस होते. त्यानंतर दरवर्षी डिसेंबरात कोणी ना कोणी लिहितो की ही भूमिका तिने केली असती, ती भूमिका तिच्यासाठीच होती. या लेखनातील हळहळ खरी असेल. पण ती फार स्वस्त पडते, असे आम्हांस वाटते. मृत्यूवर सगळा भार टाकला की बाकीचे सारे मोकळे होतात. लेखक मोकळे, निर्माते मोकळे आणि आपण प्रेक्षकही मोकळे. तिच्या हातून निसटलेल्या भूमिकांचा हिशेब मांडायचा तर तो मृत्यूच्या अलीकडूनच मांडावा लागेल.

प्रथम चरितार्थाच्या वाटांविषयी थोडे. स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, पुण्याचा. वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरकडचे, राजकारणात मुरलेले. आई विद्याताई परिचारिका आणि समाजकार्यात रमलेल्या. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत ही सावळी मुलगी मराठी बातम्या वाचू लागली. श्याम बेनेगल यांची नजर तिच्यावर गेली ती या बातम्यांमुळेच. ती वृत्तनिवेदिकाच राहिली असती तर? एक चांगली वृत्तनिवेदिका झाली असती, इतकेच. राजकारणात गेली असती, असेही काहींनी म्हटले आहे. मुंबईतील विमेन्स सेंटरशी तिचा संबंध होता, स्त्रियांच्या प्रश्नांविषयी ती उघड बोलत असे, घरात राजकारण होतेच. तेव्हा तर्क अगदीच हवेतला नाही. पण या तर्कात आम्हांस रस नाही. कलावंताला खुर्चीवर बसवून पाहण्याची हौस हा आपल्या समाजाचा दोष आहे. खुर्ची मिळाली म्हणजे माणूस मोठा झाला, असे आपण मानतो.

अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की ‘दुसरे आयुष्य’ हा विषय स्मिताने स्वतःच एकदा पडद्यावर जगून दाखविला होता. ‘भूमिका’ (१९७७) हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला. रतन साळगावकर या मुलीची हंसा वाडकर झाली, ‘संत सखू’, ‘लोकशाहीर राम जोशी’, ‘सांगत्ये ऐका’ अशा चित्रपटांनी तिला अमाप कीर्ती दिली, आणि ती मात्र जन्मभर साधे घर मागत राहिली. चित्रपटातील उषा हीच मागणी घेऊन चार पुरुषांच्या दारांशी जाते. विनायक काळ्याच्या वाड्यात तिला घर मिळते खरे, पण त्याला आतून कडी नसते, बाहेरूनच असते. स्मिता येथे काय करते ते बारकाईने पाहावे. कॅमेऱ्यापुढे नाचणारी उषा आणि घरात डोळे खाली घालून वावरणारी उषा यांत ती कोणतीही एक ‘खरी’ ठरवीत नाही. वाड्यात गृहिणीचा पदर घेतानाही ती तो भूमिकेसारखाच घेते. सोडून दिलेली वाट म्हणजे मुक्ती नव्हे, तीही एक भूमिकाच असते, हे बावीस वर्षांच्या नटीला कळले होते. या अभिनयासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे जयवंत दळवींच्या कादंबरीवरील ‘चक्र’साठी तो दुसऱ्यांदा मिळाला.

आता मराठीकडे येऊ. हिशेबाची खरी वही येथे आहे. मराठी चित्रपटाने या मराठी नटीला काय दिले? ‘सामना’मध्ये (१९७५) एक छोटी भूमिका, ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) चिंधी, रामदास फुटाणे यांचा ‘सर्वसाक्षी’ आणि ‘उंबरठा’ (१९८२). ठळक नावे ही एवढीच. त्याच काळात ती बंगालीत मृणाल सेन यांच्या ‘आकालेर संधाने’त होती, गुजरातीत केतन मेहता यांच्या ‘भवनी भवाई’त होती, मल्याळमध्ये अरविंदन यांच्या ‘चिदंबरम’मध्ये होती, सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवर दूरदर्शनसाठी केलेल्या ‘सद्गती’तही होती. दूरच्या प्रांतांतील दिग्दर्शकांना जी दिसली ती घरच्यांना क्वचितच दिसली. आमच्या मराठी चित्रपटात तेव्हा द्व्यर्थी विनोदाची चलती होती आणि पुढे घराघरांतील गोंधळाच्या विनोदी पटांची लाट आली. त्या चित्रपटांना आम्ही नावे ठेवीत नाही. लोक हसले, थिएटरे चालली. परंतु त्या लाटेत स्मितासाठी जागा नव्हती, हेही खरे. तेव्हा ‘ती गेली म्हणून मराठी चित्रपट पोरका झाला’ हे वाक्य आम्हांस लबाडीचे वाटते. जिला घरात फारसे बोलावलेच नाही, तिच्या जाण्याने घर रिकामे कसे होईल?

‘उंबरठा’ मात्र अपवाद, आणि असा अपवाद की त्याच्यामुळे न लिहिल्या गेलेल्या एका भूमिकेची बाह्यरेषा आम्हांस स्पष्ट दिसते. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन. सुलभा महाजन नवरा, मुलगी, सुखवस्तू घर मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. तेथील व्यवस्थापक मंडळ, हिशेब, पुढाऱ्यांची ये-जा, आश्रमातील बायकांचा अविश्वास या सर्वांशी ती झुंजते, चौकशीला तोंड देते आणि परतते तेव्हा घर तिचे राहिलेले नसते. स्मिताचे सामर्थ्य येथे संवादांत नाही. कार्यालयातील टेबलापाशी ती ज्या रीतीने उभी राहते त्यात आहे. अधिकार आपल्याला पेलतो की नाही याची खात्री नसलेली, तरी तो सोडायला तयार नसलेली बाई.

हे पाहताना आम्हांस प्रत्येक वेळी पंडिता रमाबाई आठवतात. आपल्या वाचकांना हे नाव नवे नाही. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, तरी मराठी ख्रिस्ती माणसाच्या स्मरणात त्यांची जागा पक्की आहे. १८५८ सालचा जन्म, संस्कृतज्ञ पित्याबरोबर तीर्थोतीर्थी भटकंती, दुष्काळात आईबाप व बहीण गमावून भावासह केलेली पायपीट, कलकत्त्यात मिळालेली ‘पंडिता’ ही पदवी, १८८२ मध्ये आलेले वैधव्य, १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे घेतलेला बाप्तिस्मा. नाट्य शोधावयास जाण्याची गरजच नाही. पण आमच्या मनातील भूमिका या घटनांची नाही. ती १८८९ नंतरची आहे. शारदा सदन उभे राहते, सल्लागार मंडळातील थोर माणसे बाजूला होतात, ‘केसरी’ तुटून पडतो. दुसऱ्या बाजूस वाँटेजच्या भगिनींनाही त्यांचे स्वतंत्र धर्मचिंतन रुचत नाही. दोन्ही घरांनी थोडी थोडी परकी केलेली ही स्त्री केडगावला दुष्काळातल्या मुलींना आणते, छापखाना चालवते, मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत बसते आणि १९२१ मध्ये एकुलत्या मुलीचे, मनोरमेचे, मरण पाहून पुढच्याच वर्षी जाते. सुलभा महाजनने ज्या टेबलापाशी हार मानली त्याच टेबलापाशी रमाबाई तीस वर्षे बसल्या. स्मिताने या भूमिकेची पूर्वार्धातील तयारी ‘उंबरठा’त करून ठेवली होती, उत्तरार्ध कोणी लिहिला नाही. १९८२ ते १९८६ अशी चार वर्षे हाताशी होती.

लक्ष्मीबाई टिळकांचे तसे झाले नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. विजया मेहता यांनी ‘स्मृतिचित्रे’ दूरदर्शनसाठी केले आणि सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाई अशा उभ्या केल्या की ती भूमिका स्मिताची असती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लक्ष्मीबाईंचा खट्याळपणा स्मिताच्या प्रकृतीत होता की नाही, याची आम्हांस शंकाही आहे. प्रत्येक चांगली भूमिका एकाच नटीच्या नावे लिहून टाकण्याचा मोह टाळावा.

आपल्या समाजातील एक स्त्री स्मिताने साकार केली होती. सईद मिर्झा यांच्या ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’मधील (१९८०) जोन, अल्बर्टची बहीण, साड्यांच्या दुकानात काम करणारी, पायाने किंचित अधू. आईवडिलांच्या भूमिकांत सुलभा आणि अरविंद देशपांडे, म्हणजे पिंटो कुटुंबात मराठी माणसे बरीच! ‘बॉबी’ आणि ‘ज्युली’च्या त्या दशकात ख्रिस्ती मुलगी म्हणजे आखूड झगा आणि मोकळे वागणे हे समीकरण पक्के होत असताना जोन दमून घरी येते, हीच मोठी गोष्ट होती. तरीही ती मुंबईची, इंग्रजी वळणाची ख्रिस्ती. घरात मराठी बोलणारी, वसईच्या वाडीत किंवा मराठवाड्यातल्या वस्तीवर राहणारी, रविवारी मिस्सेला जाऊन सोमवारी खुरपणीला जाणारी बाई मराठी पडद्यावर आमच्या तरी पाहण्यात आली नाही. हा दोष दिग्दर्शकांचा म्हणावा काय? आपल्यातल्या कथालेखकांनी तिला आधी कागदावर तरी भरघोस उतरविले आहे काय, हे या त्रैमासिकाच्या वाचकांनीच सांगावे.

आम्ही हे पुसेगावी बसून लिहीत आहोत (सेवागिरी महाराजांचे साताऱ्याकडील पुसेगाव नव्हे, हे हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले). हा हळदीचा मुलूख. काढणी, शिजवणी, वाळवणी यांत हात आणि लुगडी पिवळी झालेल्या बाया येथे फेब्रुवारी-मार्चात कोठेही दिसतात. ‘मिर्च मसाला’ स्मिताच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील सोनबाई मिरचीच्या कारखान्यात इतर बायकांसह दार लावून बसते. तिखटाच्या लाल धुरळ्यातला तो शेवट ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. आम्हांस मात्र त्या शेवटानंतरची सोनबाई हवी होती. दुसऱ्या दिवशी कामावर जाणारी. पन्नाशीची, साठीची.

कारण स्मिताकडून खरोखर हिरावले गेले ते वय. दुर्गाबाई खोटे १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाल्या, १९६० मध्ये ‘मुघल-ए-आझम’मध्ये जोधाबाई झाल्या आणि त्यानंतरही काम करीत राहिल्या, एकाच चेहऱ्यावर काळ कसा उतरतो ते प्रेक्षकांना पाहता आले. स्मिताची म्हातारी आपण पाहिली नाही. १९९५ च्या ‘दोघी’त उत्तरा बावकर यांनी उभी केलेली आई, २००९ च्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये ज्योती सुभाष यांनी उभी केलेली शेतकऱ्याची आई, या भूमिका त्या दोघींच्याच आणि त्यांच्याच राहोत. पण त्या पाहताना कळते की मराठी पडद्यावर वयस्क, रापलेल्या, मौनात बोलणाऱ्या बाईसाठी अखेर जागा झाली. आणि ती होईपर्यंत स्मिता चाळीशीच्या उंबरठ्यावर आली असती.