अश्महत्यारांचे दांडे : अनुमानाच्या मर्यादा

चंद्रपूर शहराजवळची झरपट नाल्याकाठची पापामिया टेकडी पुराश्मयुगीन हत्यारांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीचा अरण्यप्रदेशही याच वैनगंगा-प्राणहिता खोऱ्याचा भाग होय. या प्रदेशातील अश्महत्यारांचे आकार, दगड व घडणीचे तंत्र यांविषयी लिहिताना आपण पुराव्याला धरून असतो. ती कशी धरली जात, त्यांना दांडा होता की नव्हता, हा प्रश्न आला की मात्र आपली भाषा नकळत अधिक धीट होते. या धिटाईचे परीक्षण करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

अडचण उघड आहे. दगड टिकतो, लाकूड, बांबू, वाख आणि राळ टिकत नाहीत. पावसाळी अरण्यात वाळवी आणि कूज यांच्यापुढे दांडा काही वर्षेही तग धरत नाही. म्हणून दांड्याविषयीचे बहुतेक विधान हे अनुमान असते. डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९६४ साली अश्महत्यारांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याच्या नावातच हत्यारांच्या कार्यांना ‘संभाव्य’ हे विशेषण लावले. हा संयम पुढील लेखनात सर्वत्र राहिला असे म्हणता येत नाही.

पहिला दोष नावातून उद्भवतो. ‘हातकुऱ्हाड’ या शब्दात ‘हात’ही आहे आणि ‘कुऱ्हाड’ही, वाचकाच्या मनात मात्र कुऱ्हाडच उरते आणि कुऱ्हाडीमागोमाग दांडा येतो. प्रत्यक्ष वस्तू काय सांगते? पुष्कळ हातकुऱ्हाडींची धार दोन्ही कडांनी फिरलेली असते. अशा वस्तूला दोरीने बांधले तर आघाताबरोबर धार प्रथम बंधनालाच कापील. बंधन अडकण्यासाठी खाच किंवा निमुळते शेपूटही सामान्यतः नसते. उलट, जाड बूड तळहातात चांगले बसते. यावरून ती हातात धरली जात असावी, हे मत अधिक सयुक्तिक ठरते. पण ‘हातात धरलेली’ म्हणजे ‘अप्रगत’ असा अर्थ काढणे चूक होय. मांस कापणे, कातडे सोडविणे, लाकूड तासणे ही कामे दांड्यावाचून उत्तम होतात.

सूक्ष्मास्त्रांची गोष्ट वेगळी. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे पाते बोटांच्या चिमटीत धरून जोर लावता येत नाही. त्याची एक कड मुद्दाम बोथट केलेली असते, आणि हे श्रम निष्कारण कोणी घेणार नाही. ती कड खोबणीत चिकटविण्यासाठी होती, हे अनुमान येथे आकारातूनच निघते. भीमबेटकाच्या चित्रांतील काटेरी बाणांचा व भाल्यांचा त्याला आधार मिळतो. अशा जोडहत्यारातील एक पाते तुटले तर तेवढेच बदलता येते, हा त्याचा मोठा लाभ.

मग चिकटविले कशाने? या अरण्यात बांबू, लाख व डिंक विपुल आहेत, म्हणून तिन्हींची नावे एका दमात घेण्याची प्रथा पडली आहे. परंतु धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो. पावसात त्याचा सांधा टिकणार नाही. लाख उष्णतेने मऊ होते व थंड होताच घट्ट बसते; मात्र नुसती लाख ठिसूळ असल्याने तीत बारीक भुकटी मिसळावी लागते. पदार्थ उपलब्ध असणे म्हणजे तो वापरला गेल्याचे प्रमाण नव्हे. त्याची परीक्षा प्रयोगानेच व्हावी.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. माडियांच्या खांद्यावरील कुऱ्हाड पाहून अश्मयुगातील हरवलेला दांडा पुरा केला जातो. या कुऱ्हाडीत लाकूड लोखंडाच्या नेढ्यातून जाते. घडीव धातूला हे सहज साधते. दगडी पात्याच्या बाबतीत बहुधा क्रम उलटा असतो : लाकूड चिरून किंवा कोरून त्यात दगड बसवावा लागतो. शिवाय या दोहोंमध्ये मोठा इतिहास आहे. माहूरझरीसारख्या विदर्भातील महापाषाणीय स्थळी चपट्या लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या असून त्यांच्यावर दांड्याशी जखडणाऱ्या आडव्यातिडव्या लोखंडी पट्ट्या आहेत. दांडा बसविण्याचा हा प्रत्यक्ष, हाती येणारा पुरावा इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील आहे. विदर्भात लोखंड इतके जुने असता आजच्या माडियाला ‘अश्मयुगाचा अवशेष’ मानणे केवळ अनुदार नव्हे, तर इतिहासदृष्ट्या असत्य आहे. कोणते लाकूड फाटत नाही, लाख किती तापवावी, हे त्याच्याकडून शिकावे. तो काळाच्या कोणत्या पायरीवर उभा आहे, हे मात्र त्याच्या कुऱ्हाडीवरून ठरवू नये.

सेर्गेई सेम्योनोव्ह यांच्या १९५७ सालच्या रशियन ग्रंथाने (इंग्रजी अनुवाद १९६४) धारेवरील झीज सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याचा मार्ग दाखविला. पुढे चिकट द्रव्यांच्या अवशेषांचे परीक्षणही रूढ झाले. परंतु नदीच्या गोट्यांत घरंगळलेल्या हत्यारावर झिजेची खूण उरत नाही, आणि घासून धुतलेल्या हत्यारावर राळेचा कण उरणे कठीण. तेव्हा निदान काही नमुने मातीसकट, न धुता जतन करणे अगत्याचे आहे. संग्रहालयातील पट्टीवर आकार एका ओळीत व संभाव्य उपयोग दुसऱ्या ओळीत लिहावा. आणि पापामिया टेकडीसारखी वाढत्या शहराला लागून असलेली स्थळे मूळ थरासह राखली नाहीत, तर हत्यारे कपाटात राहतील, परंतु ती कशी वापरली गेली हे विचारण्याचे साधन आपण स्वहस्ते नष्ट केलेले असेल.