हाडांवर चढवलेले मांस : आदिम सृष्टीची जुनी छापील चित्रे

एकोणिसाव्या शतकातील युरोपात जीवाश्मशास्त्र, म्हणजे खडकांत दगड होऊन राहिलेल्या प्राणी-वनस्पतींच्या अवशेषांचे शास्त्र, आकार घेत असतानाच त्या अवशेषांवर मांस आणि कातडे चढवून त्यांना भोवताल देणारी एक चित्रपरंपरा ग्रंथछपाईच्या आश्रयाने वाढली. आज संग्राहक या चित्रांना मोल देतात, परंतु त्यांची पारख बहुधा दुर्मिळता आणि कागदाची अवस्था यांपाशीच थांबते. चित्रातील कोणता भाग हाडांच्या आधाराने आला आणि कोणता निव्वळ सवयीने, हा प्रश्न मागे पडतो.

या परंपरेच्या आरंभी इंग्रज भूवैज्ञानिक हेन्री डी ला बेश याचे ‘ड्युरिया अँटिक्विअर’ (1830) उभे आहे. मूळ जलरंगातील हे चित्र जॉर्ज शार्फने शिळाछापावर, म्हणजे तेलकट खडूने दगडावर रेखून त्यावरून ठसे काढण्याच्या पद्धतीने उतरवले, आणि त्याच्या प्रतींच्या विक्रीचा पैसा इंग्लंडमधील लाइम रेजिसच्या कड्यांतून चित्रातल्या प्राण्यांचे जीवाश्म शोधून काढणाऱ्या मेरी अ‍ॅनिंगला मिळाला. चित्रातला इक्थिओसॉर हा माशाच्या घडणीचा सागरी सरीसृप लांबमान्या प्लेसिओसॉरचा गळा धरतो आणि भेदरलेला प्लेसिओसॉर विष्ठा टाकतो. हा विनोद खराच, पण भूवैज्ञानिक विल्यम बकलंडच्या जीवाश्म-विष्ठेवरील संशोधनाशी त्याचा धागा असल्यामुळे तो पुराव्याला धरून केलेला विनोद आहे. 1863 मध्ये लुई फिगिए याच्या प्रलयपूर्व पृथ्वीवरील लोकप्रिय ग्रंथासाठी एदुआर रियूने हीच जोडी पुन्हा समोरासमोर आणली, तेव्हा डी ला बेशने दाखवलेला पाण्याखालचा छेद नाहीसा झाला होता आणि इक्थिओसॉर देवमाशाप्रमाणे नाकपुड्यांतून फवारे उडवीत होता. झुंज टिकली, निरीक्षण मात्र गळाले.

तंत्राचाही यात वाटा होता. मेझोटिंटमध्ये धातूचा पत्रा आधी सर्वत्र खरखरीत करतात, त्यामुळे तो गडद काळा छापतो, आणि मग जिथे उजेड हवा तिथे तो घासून गुळगुळीत करतात. अंधारातून प्रकाश काढणारी ही रीत बायबलमधील संहारदृश्ये रंगवणाऱ्या जॉन मार्टिनच्या स्वभावाशी इतकी जुळली की टॉमस हॉकिन्सच्या सागरी सरीसृपांवरील 1840 मधील ग्रंथाचे त्याने केलेले मुखचित्र प्राण्यांच्या शरीररचनेपेक्षा काळोखाविषयीच अधिक सांगते. याउलट वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्झ उंगर याच्या देखरेखीखाली योसेफ कुवासेगने केलेल्या 14 शिळाछापांत (1851) प्राणी दुय्यम आहेत आणि अरण्य बोलते. संयमाच्या दृष्टीने या संपूर्ण काळातील हीच मालिका श्रेष्ठ ठरते.

प्राण्यांच्या बाबतीत चुका झाल्या तरी त्या हाडांनीच सुधारल्या. इग्वानोडॉन या डायनोसॉरच्या नाकावर बसवलेले आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील 1854 च्या शिल्पांतही मिरवलेले शिंग प्रत्यक्षात अंगठ्याचा काटा होता, हे बेल्जियममधील बेर्निसार येथे 1878 मध्ये सापडलेल्या सांगाड्यांनी स्पष्ट केले आणि चित्रकारांनी ते शिंग पुढे सोडून दिले.

माणसाच्या चित्रांचे तसे झाले नाही. फिगिएच्या पहिल्या आवृत्तीतील मानवाचे आगमन ईडनच्या बागेची आठवण देणारे होते. 1867 च्या आवृत्तीत त्याच्या जागी कातडी पांघरलेली, कुऱ्हाडधारी माणसे आली. बदलले ते दृश्य. त्या माणसांचे चेहरे मात्र तत्कालीन युरोपीयांचेच राहिले. 1861 मध्ये प्येर ब्वातारच्या पुस्तकाने तर गुहेच्या दाराशी जवळजवळ वानरच उभा केला होता. पुढे फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे 1908 साली निअँडरथल मानवाचा सांगाडा सापडला, आणि ‘लिलुस्त्रास्याँ’ या साप्ताहिकात फ्रांतिशेक कुप्काने त्यावरून केसाळ, सोटा हाती घेतलेला पशू चितारला (1909), तर ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये आमेदे फोरेस्तिए याने शरीरशास्त्रज्ञ आर्थर कीथ याच्या मार्गदर्शनाखाली त्याच सांगाड्याचा धनी अग्नीजवळ बसून हत्यार घडवणारा, गळ्यात माळ घातलेला कारागीर म्हणून दाखवला (1911). हाडे तीच होती. त्यांच्यावर चढवलेले मांस मात्र दोन्ही बाजूंच्या आधीच ठरलेल्या मतांचे होते. कुप्काच्या सोट्याप्रमाणेच गळ्यातल्या माळेलाही हाडांचा आधार नव्हता, हे फोरेस्तिएचे कौतुक करणाऱ्यांनीही ध्यानात घेतले पाहिजे. ला शापेलच्या त्या माणसाला सांध्यांचा विकार होता आणि त्याच्या सांगाड्यावरून सगळ्या जमातीला वाकून चालणारे ठरवता येत नाही, हे शरीरशास्त्रज्ञ स्ट्रॉस आणि केव्ह यांनी 1957 मध्ये दाखवून दिले. तोवर कुप्काचे चित्र छापून 48 वर्षे झाली होती.