कोठडी आहे, जेलर कुठे आहे?

‘क्यूब’ या चित्रपटातल्या तुरुंगात १७,५७६ खोल्या आहेत. त्यात अडकलेली गणिताची एक विद्यार्थिनी हा आकडा मनातल्या मनात काढते. प्रत्यक्षात दिग्दर्शक विन्चेन्झो नताली यांच्याकडे टोरांटोतल्या सेटवर चौदा फुटांची धड एकच खोली होती. भिंतींमधलं जिलेटिन बदललं, की लाल खोलीची निळी व्हायची. एका रंगातले प्रसंग उरकायचे आणि मग पुढच्या रंगाला हात घालायचा. १९९७ साली आलेल्या या कॅनेडियन चित्रपटानं विज्ञान-भयपटांच्या निर्मात्यांना एक मोलाचं गुपित सांगितलं: तुरुंग हा जगातला सर्वांत स्वस्त सेट आहे. चार भिंती, एक दार, चार-पाच नट. बाकीचं प्रेक्षकाचं डोकं रचतं.

नतालींनी पात्रांची नावंही तुरुंगांवरून ठेवली होती. क्वेंटिन कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिनवरून, हॉलोवे लंडनमधल्या बायकांच्या तुरुंगावरून, तर लेव्हन आणि वर्थ ही दोन नावं जोडली की कॅन्ससमधलं लेव्हनवर्थ होतं. यातल्या वर्थनं या यंत्राच्या बाहेरच्या कवचाचा आराखडा केलेला असतो. कशासाठी, कुणासाठी, ते त्याला ठाऊक नसतं आणि त्यानं कधी विचारलेलंही नसतं. त्याच्या मते या सगळ्याच्या माथ्यावर कुणीच बसलेलं नाही. यंत्र बांधून झालंय, ते रिकामं ठेवलं तर खर्च फुकट गेला असं कबूल करावं लागेल, म्हणून त्यात माणसं टाकायची. सरकारी कामाची थोडीफार ओळख असलेल्या कुणालाही हे पटकन पटतं, आणि म्हणूनच ते अंगावर येतं.

पण ‘क्यूब’नं जे विचार म्हणून मांडलं, ती पुढच्या मंडळींना सोय वाटली. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या प्रकारानं कोठड्या एकाहून एक अफलातून बांधल्या. त्यांच्या नियमांची कलाकुसर तर थक्क करणारी आहे. मात्र किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभा असलेला माणूस पडद्यावरून हळूहळू नाहीसा झाला. माझी तक्रार एवढीच आहे. जेलर गेला, की कोठडीचं कोडं होतं. कोडं सोडवताना धाप लागते, पण जुलूम जाणवत नाही.

या प्रकाराचा आद्य जेलर काफ्कानं लिहून ठेवला आहे. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दंडवसाहतीच्या कथेत कैद्याच्या अंगावर सुयांनी शिक्षा कोरणारं यंत्र आहे. पण वाचून झाल्यावर लक्षात राहतो तो त्या यंत्राच्या प्रेमात पडलेला अधिकारी. प्रवाशाला एकेक भाग दाखवताना त्याचा ऊर भरून येतो. यंत्राची चाकं काढून टाकली तरी कथा उरेल. तो अधिकारी काढला, तर काहीच उरणार नाही.

आणि खरं तर एकांत कोठडी हीच मुळात विज्ञानकथा होती. १८२९ मध्ये फिलाडेल्फियात ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी सुरू झाली, ती एक प्रयोग म्हणूनच: माणसाला पूर्ण एकटं ठेवलं, की त्याला पश्चात्ताप होतो, हे गृहीतक. छताला उजेडाचा एक झरोका, मागे चिमुकलं आवार, आणि बाहेर काढताना डोक्यावर बुरखा, म्हणजे कुणी कुणाचा चेहरा पाहायला नको. १८४२ साली चार्ल्स डिकन्स हा तुरुंग बघून गेले आणि त्यांनी या पद्धतीवर कडाडून टीका केली. दीडशे वर्षांनी टेरी गिलियम यांनी ‘१२ मंकीज’मधल्या वेड्यांच्या इस्पितळाचं चित्रण तिथेच केलं. सेट लावायची गरजच नव्हती.

इंग्रजांनी १९०६ मध्ये पोर्ट ब्लेअरला पुरी केलेली सेल्युलर जेल याच कुळातली. मधल्या बुरुजापासून सात बाजूंना फुटलेल्या इमारती, आणि प्रत्येकीचं तोंड शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे समोरचा कैदी दिसूच नये. मराठी वाचकाला मात्र ही जेल नकाशातून माहीत नाही, ‘माझी जन्मठेप’मधून माहीत आहे. त्यात सावरकर कोठडीचं वर्णन करतात, पण पुस्तक जिवंत होतं ते बारीबाबानं. आयरिश जेलर बारी, त्याची बढाई, त्याचं खेकसणं, कोलूवर तेल किती निघालं याचा त्याच्या राज्यातला रोजचा हिशेब. दगड कितीही थंड असला, तरी छळाला आवाज माणसाचाच लागतो.

पडद्यावर हा आवाज पहिल्यांदा बेमालूम वापरला जॉर्ज लुकास यांनी, ‘स्टार वॉर्स’च्या कितीतरी आधी. ‘टीएचएक्स ११३८’ (१९७१) मधल्या तुरुंगाला भिंतीच नाहीत. जिकडेतिकडे पांढरं शुभ्र, क्षितिज नाही, सावली नाही. पळून जायला कुणाची आडकाठी नाही, पण कुठे जाणार? चेहऱ्याच्या जागी चकचकीत धातू असलेले यंत्रपोलिस कैद्यांशी अतिशय मायेनं बोलतात. शेवटी नायकाचा पाठलाग थांबतो तो त्याच्या धाडसामुळे नव्हे, तर पाठलागाचं अंदाजपत्रक संपलं म्हणून. इथे जेलर हा हिशेबनीस आहे, आणि तो दिसतो.

‘एलियन ३’ (१९९२) बद्दल लिहिताना हळहळ वाटते. व्हिन्सेंट वॉर्ड यांच्या आधीच्या आराखड्यात लाकडाचा एक मठग्रह होता. तो बाजूला पडला आणि त्याच्या अवशेषांवर फ्युरी १६१ हा तुरुंग-कारखाना उभा राहिला. डेव्हिड फिंचर यांचा हा पहिलाच चित्रपट. स्टुडिओशी इतकं वाजलं, की पुढे त्यांनी तो आपला मानायचंच सोडून दिलं. तरीही मुंडण केलेले, धर्माला लागलेले, तुरुंग बंद होत असतानाही स्वखुशीनं मागे राहिलेले ते कैदी या प्रकारातली दुर्मिळ गोष्ट आहेत: कोठडीची सवय झालेली माणसं. राक्षस आला आणि ती बहुतेक सगळी त्याचं खाद्य झाली. मला तो राक्षस नको होता.

आता ‘एल ओयो’, म्हणजे जगभर ‘द प्लॅटफॉर्म’ म्हणून ओळखला जाणारा गाल्दर गास्तेलू-उरुतिया यांचा २०१९ चा स्पॅनिश चित्रपट. उभा तुरुंग, मजल्यावर दोघे, मधोमध चौकोनी भोक. वरून पंचपक्वान्नांनी भरलेलं टेबल मजल्यामजल्यानं खाली उतरतं, वरचे ताव मारतात, खालच्यांना काचा चाटाव्या लागतात. महिना झाला की सगळ्यांना गुंगी देऊन नव्या मजल्यावर ठेवलं जातं. एखादी वस्तू सोबत आणायची मुभा आहे. नायक ‘डॉन किहोते’ची प्रत आणतो, त्याचा म्हातारा सोबती सुरी. एवढ्या दोन वस्तूंत अख्खी पटकथा आली. २०२० च्या मार्चमध्ये, अर्धं जग घरात कोंडलेलं आणि दुकानांतली फडताळं रिकामी असताना, नेटफ्लिक्सवर तो झळकला. त्याचं नशीब असं.

या चित्रपटातली सर्वांत चांगली कल्पना टेबल नव्हे, इमोगिरी आहे. ती पंचवीस वर्षं याच संस्थेत नोकरीला होती, उमेदवारांच्या मुलाखती घ्यायची, आणि आत नेमकं काय चालतं याची तिला कल्पना नव्हती. स्वतः आत आल्यावर ती कळवळून सगळ्यांना वाटून खायला सांगते. कुणी ऐकत नाही. वर्थची ही धाकटी बहीण शोभावी. पण पटकथेला तिच्यात रस नाही, तिला ‘संदेश’ पोचवायचा आहे, आणि शेवटच्या अर्ध्या तासात रूपकाच्या ओझ्याखाली सगळं दबून जातं.

‘ब्लॅक मिरर’च्या ‘व्हाइट ख्रिसमस’ या २०१४ च्या भागात हे नेमकं साधलं आहे. चार्ली ब्रूकर यांनी कोठडी अंड्याएवढी केली. माणसाच्या मनाची नक्कल काढून एका डबीत ठेवायची आणि बाहेरून वेळ फिरवायचा. ग्रेटा नावाच्या बाईची नक्कल घरकाम करायला नकार देते, तेव्हा जॉन हॅमचा सराईत कर्मचारी तिचे तीन आठवडे क्षणात उडवतो. तरी ऐकत नाही? मग सहा महिने. तिच्यासाठी रिकाम्या पांढऱ्या खोलीतले सहा महिने, त्याच्यासाठी काही सेकंद. तो दुष्ट नाही. कामात वाकबगार आहे, इतकंच. शेवटी एक पोलिस घरी निघता निघता आरोपीच्या नकलेचं घड्याळ मिनिटाला हजार वर्षं या वेगावर लावून देतो. सणाची सुट्टी आहे, चालू राहू दे. या प्रकारात मी पाहिलेला हा सर्वांत भीषण क्षण, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही.

त्याउलट ‘डॉक्टर हू’चा ‘हेवन सेंट’ (२०१५). साडेचार अब्ज वर्षं एक माणूस मुठीनं भिंत फोडतो. पीटर कपाल्डी यांचा अभिनय बिनतोड आहे आणि चाहत्यांचा राग ओढवून घ्यायची माझी तयारी आहे: हा भाग कोठडीचा नाहीच, पराक्रमाचा आहे. भिंत कितीही जाड असो, नायकाची हुशारी तिच्याहून जाड निघणार हे आपल्याला ठाऊक असतं.

‘अँडॉर’ (२०२२) ही भयकथा म्हणून कुणी विकलेली नाही. तरी नार्किना ५ च्या तुरुंगाचे भाग मी या यादीत वर ठेवीन. गज नाहीत. कैदी अनवाणी आणि जमीन विजेची. बटण दाबलं की माणूस कोळसा. सात जणांचं एक टेबल, अशी सात टेबलं, आणि उत्पादनाची स्पर्धा. अँडी सर्किस यांचा किनो लॉय हा स्वतः कैदीच, पण मुकादम. आपली शिक्षा संपत आली म्हणून तो इतरांना पिळतो. जेलर कैद्यांच्याच रांगेतून काढलेला आहे. मजल्यावर पहारेकरी किती, हे नायक त्याला पुन्हा पुन्हा विचारतो आणि तो उत्तर टाळतो. जेव्हा देतो, तेव्हा आकडा निघतो बारा. त्या आकड्यानं तुरुंग कोसळतो. क्लेअर डेनी यांच्या ‘हाय लाइफ’मध्येही (२०१८) असंच काही आहे: कृष्णविवराकडे धाडलेल्या यानातला कैदी रोज अहवाल भरतो, तेव्हा कुठे पुढच्या चोवीस तासांची जीवनयंत्रणा चालू राहते. तो अहवाल पलीकडे कुणी वाचत असेल का? डेनी ते सांगत नाहीत.

आपल्याकडे या वाटेनं गेलेली एक मालिका ठळक आठवते, पॅट्रिक ग्रॅहम यांची ‘घूल’ (२०१८). तीनच भाग. नजीकच्या भविष्यातला दडपशाहीचा भारत, लष्कराचं एक छुपं चौकशी केंद्र, आणि स्वतःच्या वडिलांना पकडून देणारी निदा रहीम, म्हणजे राधिका आपटे. केंद्राचं नाव ‘मेघदूत ३१’. कालिदासाचा यक्षही शिक्षा भोगणारा हद्दपारच होता, रामगिरीवर म्हणजे आपल्या रामटेकवर, पण त्याला निदान ढग तरी दिसत होता. पहिल्या भागात चौकशी करणारे आणि मानव कौलचा थकलेला, दारूत बुडालेला कर्नल दाकुन्हा इतके खरे आहेत, की कैदी म्हणून आणलेला राक्षस त्यांच्यापुढे सौम्य वाटतो. तो ज्याचं मांस खाईल त्याचं रूप घेतो, आणि अपराध बाहेर काढतो. उत्तम कल्पना. पण पुढे बोळांतून पळापळ, अंधार, बंदुका. इथेही जेलर विरघळून गेले.

भारतीय तुरुंगातलं मुख्य दुःख तर या प्रकाराच्या गावीही नाही. आपल्याकडे तुरुंगात एकटं कोण असतं? क्षमतेहून कितीतरी जास्त माणसं बराकीत दाटीवाटीनं झोपतात. दर चार कैद्यांत साधारण तिघे कच्चे, म्हणजे खटला उभाच असलेले. त्यांचं भय भिंतीचं नाही, तारखेचं आहे. आज न्यायाधीश रजेवर, आज गाडी नाही, आज साक्षीदार आला नाही. ‘व्हाइट ख्रिसमस’मधलं ते घड्याळ इथे कुणी मुद्दाम फिरवतही नाही.

आणि हा विषय आता विज्ञानकथेलाच साजेसा झाला आहे. अमेरिकेत आरोपी पुन्हा गुन्हा करील की नाही याचे गुण देणारी सॉफ्टवेअर बरीच वर्षं वापरात आहेत. त्यांतल्या कॉम्पास या प्रणालीचं आतलं गणित हे कंपनीचं व्यापारी गुपित. ते आरोपीला पाहता येत नाही, तरी शिक्षा ठरवताना न्यायाधीश त्या गुणांचा विचार करू शकतात, असा निर्णय विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये काही अटी घालून दिला. वर्थ म्हणत होता ते हेच, फक्त आता आराखडा काढणाऱ्याला पगार कोण देतं ते कागदावर आहे. असं गणित रचणाऱ्या कंपनीच्या कचेरीतल्या, संध्याकाळची लोकल पकडायच्या घाईत असलेल्या माणसावर एखादी मालिका यायला हवी. नवी कोठडी बांधायची गरज नाही. ‘क्यूब’मधली ती चौदा फुटी खोली पुरेल, फक्त तिला एक टेबल लागेल.