मिसोगॅमिस्ट आणि मोठी बुटकी

नॉर्मन लुईस हा गृहस्थ जन्माने अमेरिकन असला, तरी त्याचा खरा मुक्काम जळगाव-धुळ्याकडेच असावा, असा माझा दाट संशय आहे. कुठल्याही अभ्यासिकेत डोकवा, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांच्या उतरंडीत त्याचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' हमखास सापडतं. पुस्तक १९४९ सालचं. पहिली तीस-चाळीस पानं बोटं लागून काळी पडलेली, पुढची कोरी करकरीत. वाचकांचा याहून प्रामाणिक अभिप्राय कुठला समीक्षक देणार?

पुस्तक वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर धुळ्याचा भाचा माझ्याशी बोलणं टाकील. लुईस नुसते शब्द घोकायला लावत नाही, त्यांची मुळं हातात देतो. ग्रीकमध्ये बाईला 'गुने' म्हणतात, लग्नाला 'गामोस', आणि 'मिस' म्हणजे द्वेष. एवढं कळलं की बायकांचा द्वेष करणारा तो मिसॉजिनिस्ट, लग्नाचा करणारा मिसोगॅमिस्ट आणि सरसकट माणसांचाच करणारा मिसँथ्रोप, अशी बिऱ्हाडं आपोआप लागत जातात. पद्धत झकास आहे. पण ती शिकायला अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? शब्दांची मुळं खणण्याचा हाच उद्योग इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठीसाठी केला आणि १९२६ साली देह ठेवला तो धुळ्यातच. त्यांचा मराठी धातुकोश धुळ्याच्याच राजवाडे संशोधन मंडळाने काढला. भाचा त्या मंडळावरून रोज जातो-येतो. आत का जात नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मामा, तिथले धातू परीक्षेला नाहीत."

माझी तक्रार आहे ती शब्दांच्या निवडीबद्दल. खोटारड्यांसाठी लुईसने एक सबंध प्रकरण खर्ची घातलंय. नोटोरियस, इनकॉरिजिबल, इनव्हेटरेट, क्रॉनिक, पॅथॉलॉजिकल! वाचताना वाटतं, आपल्याकडच्या निवडणुकीच्या चार सभा ऐकूनच बाबा लिहायला बसला. पण ही सगळी दिवाणखान्यातली भाषा. खुर्चीत रेलून शेजाऱ्यापाजाऱ्यांना नावं ठेवायला उत्तम. पुण्याच्या एका कंपनीत भाचा मुलाखतीला गेला, तेव्हा साहेबाने साधंच विचारलं, "तुमच्या गावाबद्दल सांगा." आता गावात मिसोगॅमिस्ट एकही नाही. जे बिनलग्नाचे आहेत ते मुलगी मिळत नाही म्हणून. विहीर, पाटाची पाळी, कापसाची वेचणी, यांच्यासाठी लुईसच्या पोतडीत काही नव्हतं. पोरगं गप्प बसलं आणि नोकरी दुसऱ्याला गेली. हेच "तुन्हं गाव कसं शे?" म्हणून कुणी विचारलं असतं, तर साहेबाचा चहा गार होईपर्यंत बठ्ठं सांगितलं असतं त्याने. गावाबद्दल त्याला कमी माहीत होतं असं म्हणायची साहेबाचीही छाती झाली नसती.

'रीडर्स डायजेस्ट'ने १९४५ साली शब्दांचं सदर सुरू केलं, त्याच्या नावातच शब्द वाढवणं 'फायद्याचं' असल्याची ग्वाही होती. सोन्याच्या पेढ्यांच्या जळगावाला ही भाषा लगेच कळते. पण इथल्या विद्यापीठाला २०१८ पासून नाव आहे ते असोद्याच्या बहिणाबाईंचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शब्दसंपत्ती मात्र विद्यापीठाला पुरून उरेल एवढी. लुईसच्या चाचणीत त्यांना किती मार्क पडले असते, हे विचारायची सोय नाही.

आणि परके शब्द इकडे येत नाहीत असं कुठे आहे? रावेरचा केळीवाला ड्रिप म्हणतो, टिशू म्हणतो, आणि 'जी-नाईन' तर उठता-बसता. हे जी-नाईन म्हणजे 'ग्रँड नैन'. मूळ फ्रेंच, अर्थ 'मोठी बुटकी'! अशा परस्परविरोधी जोडीला इंग्रजीत 'ऑक्सिमोरॉन' म्हणतात; तो शब्दही ग्रीकमधल्या 'तीक्ष्ण' आणि 'मंद' यांची मोट बांधून केलेला. म्हणजे पंडित ज्याची व्याख्या पाठ करतात, ते आमचा माणूस एकरांनी लावतो आणि ट्रकांनी दिल्लीला पाठवतो. उलट दिशेनेही वाहतूक आहेच. आपलं मुंगूस इंग्रजीत जाऊन 'मंगूस' झालं. आता 'गूस'चं 'गीस' होतं म्हणून तिकडची पोरं मंगूसचं अनेकवचन 'मंगीस' करून मार्क घालवत असतील, तर माझी काही हरकत नाही.

हे सगळं ऐकून भाच्याने वही काढली आणि 'ऑक्सिमोरॉन' तेवढा लिहून घेतला. केळीचा भाव लिहिला नाही. तो त्याला पाठ आहे.